रिचमंडच्या नोटा, उलीची धावपट्टी

अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांची कॉन्फेडरसी (१८६१–६५) आणि नायजेरियातून फुटलेलं बियाफ्रा (१९६७–७०). नाकेबंदी दोन्हीकडे, पोटाला चिमटाही. कॉन्फेडरसीची राजधानी रिचमंड; तिथलं सरकार नोटा छापत सुटलं, भाव भडकले. एप्रिल १८६३ मध्ये बायकांनी पावासाठी दुकानं फोडली, तेव्हा अध्यक्ष डेव्हिसनी खिशातली नाणी गर्दीत फेकली आणि पांगा, नाहीतर गोळीबार, असं बजावलं. वर वीस गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्याला सक्तीच्या भरतीतून सूट! बियाफ्रात मीठ दुर्मीळ, पोरांची पोटं फुगलेली. तरी जुगाड मला त्यांचाच सरस वाटतो: उली गावचा रस्ता रुंद करून धावपट्टी केली, रात्री विमान उतरण्यापुरतेच दिवे. डेव्हिस पळताना सापडले. बियाफ्राचे नेते ओजुक्वू आयव्हरी कोस्टला निसटले.