त्यू की वू? फ्रेंचमधलं अरे-तुरे आणि अहो-जाहो

फ्रान्समधल्या ल्यॉं शहरात मी ज्या बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती, त्या सत्तरीच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सूप आणून दिलं, हीटर कसा चालवायचा ते दोनदा दाखवलं, मला सर्दी झाली तेव्हा रोज दार वाजवून विचारपूस केली. आणि हे सगळं करताना मला सतत ‘वू’ म्हणत राहिल्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. आपल्याकडे आजीच्या वयाची बाई ‘अहो, सूप घ्या ना तुम्ही’ म्हणाली तर दोनच शक्यता असतात: एक तर ती थट्टा करतेय, नाहीतर रागावली आहे. मला वाटलं, बाई मनाने चांगल्या आहेत, पण आपल्याला परकं ते परकंच मानतात. दोन महिने हे मनात धरून बसले. शेवटी एका मैत्रिणीपाशी बोलले, तर तिने उलट विचारलं, “तू त्यांना त्यू म्हणतेस?” छे, कसं म्हणणार! “मग त्या तुला कशा म्हणतील?”

फ्रेंचचा पहिला धडा शिकवताना सांगतात की ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. चूक नाही ते. पण मराठी माणसाला ते इतकं ओळखीचं वाटतं की तो पुढचं ऐकतच नाही, आणि गफलत तिथेच होते. आपलं तू-तुम्ही उंची मोजतं. वय, नातं, हुद्दा यांत कोण वर, कोण खाली? सासू सुनेला तू म्हणते, सून सासूला अहो आई म्हणते. मास्तर मुलाला तू, मुलगा मास्तरांना तुम्ही. एकाने तू म्हणायचं आणि दुसऱ्याने तुम्ही, यात आपल्याला काही खटकत नाही. उलट घडी नीट बसल्यासारखी वाटते. आजच्या फ्रेंचमध्ये दोन मोठ्या माणसांमध्ये बहुधा अंतर मोजलं जातं. आपण किती जवळ, किती लांब? आणि अंतर दोन्ही टोकांकडून सारखंच असतं. म्हणून मी वू म्हटलं तर समोरचाही वू म्हणणार, मग तो सत्तर वर्षांचा असो की संचालक असो.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये याचीच मांडणी केली होती: युरोपातल्या भाषांमध्ये आधी सर्वनामं सत्ता दाखवत, मालक नोकराला त्यू म्हणे आणि नोकर मालकाला वू, हळूहळू सत्तेची जागा जवळिकीने घेतली. फ्रान्सने मध्येच एकदा हा सगळा खटाटोप एका फटक्यात निकालात काढायचा प्रयत्नही केला होता. १७९३ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, सगळ्या नागरिकांनी एकमेकांना त्यूच म्हणावं अशी मागणी राष्ट्रीय सभेपुढे आली. सभेने कायदा केला नाही, पण क्रांतिकारकांच्या कचेऱ्यांत आणि क्लबांत त्यू सुरू झालं. ते टिकलं नाही. पुढे मे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर त्यूला पुन्हा जोर आला, आणि आज विद्यापीठात दोन विद्यार्थी पहिल्या भेटीतच एकमेकांना त्यू म्हणतात ते त्याच वाऱ्याचं देणं.

आता निवडायचं कसं? दोन्ही बाजू नीट बघू.

वू घेतलं तर

सुरक्षित, यात वाद नाही. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे, घरमालकाशी, प्रिफेक्चरच्या (म्हणजे सरकारी कचेरीच्या) खिडकीपाशी, रस्ता विचारताना वू म्हणा. कोणी नाव ठेवणार नाही. सरकारी पातळीवर तर ते लिहूनच ठेवलंय: फ्रान्सच्या पोलिसांसाठी १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या आचारसंहितेत लोकांशी बोलताना वू वापरणं बंधनकारक केलं आहे. एखाद्या गल्लीत पोराला अडवून हवालदार त्यू म्हणतो तेव्हा ते पोराला का झोंबतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ‘ए, इकडे ये’चा अर्थ आपल्याला चांगला कळतो.

पण वूबद्दल दोन गोष्टी आपल्याला माहीत नसतात. पहिली: नुसत्या वूने आदर पुरा होत नाही. आपल्याकडे तुम्हीच्या वर अजून एक पायरी आहे, आपण. लग्नपत्रिकेतलं ‘आपण अगत्य येण्याचे करावे’ किंवा सभेतलं ‘आपण स्थानापन्न व्हावं’. फ्रेंचमध्ये ती पायरी सर्वनामात नाही. ते काम ‘मादाम’ (बाई), ‘मस्यो’ (साहेब) आणि पत्राच्या शेवटची लांबलचक सलामी करते. दुकानात शिरताना ‘बाँझूर मादाम’ (नमस्कार बाई) न म्हणता थेट वू लावून प्रश्न विचारलात, तर सर्वनाम बरोबर असूनही तुम्ही उद्धटच ठरता. मी तर म्हणेन, बाँझूर विसरणं ही त्यू-वूच्या घोळापेक्षा मोठी चूक.

दुसरी: वू म्हणजे थंडपणाच असतो असं नाही. जाँ-पॉल सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच लेखक-विचारवंतांची ओळख १९२९ ची, सार्त्र गेले १९८० मध्ये, आणि पन्नास वर्षांच्या त्या सहवासात दोघं एकमेकांना वू म्हणत. राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत यांचंही तेच. जुन्या सरंजामी आणि बड्या घराण्यांत नवरा-बायकोचं वू अजून सापडतं. ‘अहो’ म्हणणाऱ्या बायकांच्या देशातून आल्यामुळे यात मला नवल वाटायला नको होतं. नवल वाटलं ते नवराही तसंच म्हणतो याचं.

त्यू घेतलं तर

मुलं, कुत्री-मांजरं, मित्र, घरचे, बरोबरीचे विद्यार्थी यांच्याशी त्यूच. गिर्यारोहणाच्या ग्रुपमध्ये, फुटबॉलच्या संघात, संघटनेच्या बैठकीत वू लावलंत तर तुम्ही फटकून वागताय असं वाटेल. नव्या छोट्या कंपन्यांत पहिल्याच दिवशी सगळे त्यू म्हणतात, मालकासकट.

मधल्या सगळ्या जागांसाठी मात्र एक विधी आहे, आणि तो मला फार आवडतो. एक जण विचारतो: “ऑं सं त्युत्वा?” म्हणजे, आपण एकमेकांना अरे-तुरे करू या का? विचारायचा मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याचा. पूर्वी पुरुष बाईच्या आधी विचारत नसत. आपल्याकडेही ‘अहो, मला तू म्हणा हो’ असं लहान माणूस मोठ्याला सांगतो, पण ते एकाच बाजूने असतं. मोठ्याने लहानाला ‘मला तू म्हण’ म्हणणं आपल्याकडे क्वचित, आणि म्हटलं तरी आपल्या जिभेवर येत नाही.

माझ्या नाही आलं. पुण्याला परत आल्यावर मी ज्या कामावर होते तिथे फ्रान्सच्या टीमबरोबर आठवड्याला दोन कॉल असत. तिकडचे विभागप्रमुख पंचावन्नच्या आसपासचे. दुसऱ्याच कॉलवर त्यांनी त्यूचा प्रस्ताव मांडला, मी हो म्हटलं, आणि पुढच्याच वाक्यात मीच वू म्हणाले. त्यांनी हसून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा वू. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा बदलला: “मी इतका म्हातारा वाटतो का?” मी मान राखत होते, आणि त्यांना वाटलं की मी पुढे केलेला हात मागे सारतेय. त्यूचा प्रस्ताव नाकारता येतो, पण मग तो नकार म्हणूनच पोचतो. माजी राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांचा एक किस्सा फ्रान्समध्ये नेहमी सांगतात: पक्षातल्या कुणीतरी त्यांना विचारलं, आपण त्यू म्हणू या का? ते म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” त्या ‘तुम्ही’तच उत्तर होतं.

आणि एकदा त्यूवर गेलात की परतीचा रस्ता नाही. मित्राला अचानक वू म्हणणं म्हणजे भांडण झाल्याची जाहीर सूचना.

त्यूचा तिसरा उपयोग शिवीसारखा होतो. गाडीला गाडी घासली की दोन अनोळखी सभ्य फ्रेंच माणसं क्षणात त्यूवर उतरतात. ‘तू कोण रे मला सांगणारा’ हे सिग्नलवर ऐकलेलं असलं की याचं वेगळं भाषांतर लागत नाही.

मराठी कान कुठे फसतो

पहिली फसगत नावाची. आपल्याकडे (आणि इंग्रजीच्या सवयीनेही) पहिल्या नावाने हाक मारली की अरे-तुरे आलंच असं वाटतं. फ्रेंच कचेरीत ‘क्लेर, तुम्ही ती फाइल पाहिलीत का?’ ही अगदी रोजची वाक्यरचना आहे: नाव पहिलं, सर्वनाम वू. तेव्हा कोणी तुम्हाला नावाने हाक मारली तर घाईने त्यूवर उडी मारू नका, क्रियापद ऐका.

दुसरी वयाची. समोरचा विशीतला वेटर आहे, आपण चाळीशीचे, म्हणून त्याला त्यू? मुळीच नाही. आपल्या हॉटेलातल्या पोऱ्याला आपण ज्या सहजतेने ‘ए, दोन चहा आण’ म्हणतो, ती सहजता तिथे सरळ अपमान आहे. एकतर्फी त्यू उरलं आहे ते मुख्यतः मोठी माणसं आणि मुलं यांच्यात. १८ जून २०१८ ला पॅरिसजवळच्या माँ व्हालेरियाँच्या कार्यक्रमात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांना लाडाच्या नावाने ‘काय मानू, बरंय ना?’ असं विचारलं. माक्राँनी त्याला तिथेच सुनावलं की मला मस्यो म्हण किंवा राष्ट्राध्यक्ष महोदय म्हण. सुनावताना ते स्वतः त्याला त्यू म्हणत होते. त्यावर फ्रान्समध्ये बरीच चर्चा झाली. आपल्याकडे कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं.

सासरचं प्रकरण तिथेही आपल्याइतकंच अवघड आहे. कितीतरी जावई आणि सुना वर्षानुवर्षं सासूला वू म्हणतात, सासू मात्र त्यांना त्यू म्हणते. माझ्या वरच्या नियमाला हा अपवाद, आणि तो ऐकून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

देवाच्या बाबतीत तर गंमतच आहे. फ्रेंच कॅथलिक लोक ‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना पूर्वी वूमध्ये म्हणत. १९६६ च्या नव्या भाषांतरापासून देव त्यू झाला. मरियेची प्रार्थना मात्र अजून वूमध्येच आहे. विठोबाला पिढ्यान्‌पिढ्या ‘तू’ म्हणत आलेल्यांना या बदलाचं अप्रूप वाटायचं कारण नाही.

काही समजेनासं झालं तर तिसरा मार्ग आपण मराठीत रोज वापरतोच. नव्या वहिनीला तू म्हणावं की तुम्ही हे ठरलेलं नसतं तेव्हा आपण ‘जेवण झालं का?’, ‘कधी निघायचं?’ असं बिनसर्वनामाचं बोलतो. फ्रेंच माणूसही तेच करतो. ‘कोमाँ ताले वू’ की ‘कोमाँ वा त्यू’ (तुम्ही कसे आहात की तू कसा आहेस) या पेचात ‘सा वा?’, म्हणजे ‘बरं चाललंय ना?’, म्हणून मोकळा होतो. दहा मिनिटं असं निभावून न्या, तेवढ्यात समोरचा काय वापरतो ते कळतं.

परीक्षेला बसणार असाल तर

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या लेखनात मित्राला पत्र असेल तर त्यू, संस्थेला अर्ज असेल तर वू, हे सगळ्यांना येतं. गुण जातात ते मिसळीमुळे. सुरुवात त्यूने होते आणि चौथ्या ओळीत सवयीने ‘सिल वू प्ले’ (कृपया) पडतं. मित्राला ‘सिल तं प्ले’ हवं. पत्र लिहून झालं की एकदा फक्त तेवढ्यासाठी वाचा: क्रियापदं, ‘तुझा-तुमचा’ची रूपं, आज्ञार्थ. अपवाद ‘राँदेव्हू’चा (ठरवलेली भेट), त्या शब्दात वू कायमचं रुतून बसलंय, त्याला हात लावू नका. आणि एक बारीक फरक: मराठीत तुम्ही म्हटलं की सगळं वाक्य अनेकवचनी होतं, ‘तुम्ही मोठे आहात’. फ्रेंचमध्ये एकाच माणसाला वू म्हणताना क्रियापद अनेकवचनी, पण विशेषण एकवचनीच राहतं.

क्युबेकला जाणाऱ्यांनी हे सगळं थोडं सैल करून घ्यावं. तिथे त्यू फार लवकर येतं, दुकानातही ऐकू येतं. तरी वयस्कर माणसाला आणि सरकारी खिडकीवर वूच बरं. मॉरिशसमध्ये गेलात आणि तिथल्या मराठी घरांत क्रिओल कानावर पडलं, तर तिथे त्यूचं ‘तो’ झालेलं असतं आणि वूचं ‘ऊ’. कोणी तुम्हाला ‘तो’ म्हणालं तर मागे वळून बघू नका, तुमच्याशीच बोलतायत.

माझा सल्ला विचाराल तर: मोठ्या माणसाला वू, प्रस्ताव आला की लगेच त्यू, आणि स्वतःहून प्रस्ताव फक्त बरोबरीच्याला. फ्रेंच लोकही अडखळतात, तुम्ही परके आहात हे त्यांना दिसतं, आणि चुकून पडलेल्या त्यूला कोणी फाशी देत नाही.

एवढं करून निवड झालीच, तर ती नीट उच्चारा. मराठी तू आणि फ्रेंच त्यू हे खरं तर एकाच जुन्या कुळातले, पण आपलं सरळ ‘तू’ फ्रेंच कानाला ‘सगळं’ या अर्थाचा शब्द वाटतो. ‘वू’ आपल्याला आयतं जमतं, फक्त वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. त्यूसाठी आधी ‘ती’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा, आणि ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे पुढे काढा.