सायकल्स की इव्ही? छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करणाऱ्यांसाठी

सहा मिनिटांची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने ८,६४० फ्रेम. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीनचं चित्र काढणारी, म्हणजे रेंडर करणारी, दोन इंजिनं आहेत: उजेडाचा प्रवास मोजणारं सायकल्स आणि अंदाजाने झटपट काम करणारं इव्ही. सायकल्समध्ये फ्रेमला चार मिनिटं धरली तर ५७६ तास होतात, म्हणजे मशीन एकदाही न थांबता चोवीस दिवस. इव्हीमध्ये फ्रेमला पाच सेकंद धरली तर बारा तास. ब्लेंडर वापरणाऱ्याला हा फरक नवा नाही, आणि माझ्या मते निवड यावर करूही नये. चोवीस दिवस मशीन चालू ठेवणं अवघड आहे, अशक्य नाही. गाडी अडते ती दुसरीकडेच.

पेठेतल्या एखाद्या वाड्याचं माजघर डोळ्यांसमोर आणा. एका खिडकीतून येणारं ऊन, देवघरात समई, फळीवर तांब्यापितळेची भांडी. पात्र उठतं, खिडकीपाशी जातं, कॅमेरा सावकाश त्याच्यामागे वळतो.

सायकल्सला हा सीन फारसा समजावून सांगावा लागत नाही. जमिनीवर पडलेलं ऊन उसळून कडीपाटापर्यंत जातं आणि लाकडाला उबदार रंग चढतो. पितळी हंड्यात समोरचं दार दिसतं. फळीखालचा अंधार जिथे जितका हवा तिथे तितकाच उतरतो. स्थिरचित्र म्हणून पाहिलं तर तक्रारीला जागा नाही.

तक्रार सुरू होते फ्रेम ओळीने चालवल्यावर. या खोलीतला बहुतेक उजेड भिंतींवरून उसळून आलेला आहे, आणि नेमक्या अशाच सीनमध्ये नॉइज (चित्रातले बारीक ठिपके) सर्वांत जास्त असतो. तो निम्मा करायचा तर सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी सोडलेले किरण) चौपट करावे लागतात: २५६ चे १,०२४, तरीही पुरलं नाही तर ४,०९६. वेळही जवळपास त्याच पटीने वाढतो. म्हणून सगळेच कमी सॅम्पलवर डीनॉइझर, म्हणजे ठिपके पुसणारा फिल्टर, लावतात. पण ब्लेंडरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो प्रत्येक फ्रेम सुटी साफ करतो, मागच्या फ्रेममध्ये त्याने काय ठरवलं होतं हे त्याला ठाऊक नसतं. परिणामी फळीखालच्या सावलीत, कडीपाटाच्या सांध्यांत मंद उकळी फुटत राहते. एकेक फ्रेम स्वच्छ, आणि चालवली की भिंत हलते. सीड, म्हणजे नॉइजचा नमुना ठरवणारा आकडा, प्रत्येक फ्रेमला बदलता ठेवला तर ही उकळी येते. एकच ठेवला तर नॉइजचे डाग पडद्याला चिकटून राहतात आणि कॅमेरा मळक्या काचेमागे असल्यासारखा वाटतो.

उपाय आहेत. खिडकीला खरी काच लावू नका, तिथे ट्रान्सपरंट शेडर द्या, नाहीतर उन्हाचा हिशेब कॉस्टिक्समध्ये (काचेतून वळलेल्या उजेडात) अडकतो. इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) खाली आणलात तर फायरफ्लाय (सुटे चमकते ठिपके) जातात, पण उसळलेला उजेडही थोडा मरतो. पर्सिस्टंट डेटा चालू ठेवला की दर फ्रेमला सीन नव्याने लोड होत नाही. एवढं करूनही शॉट स्थिर आहे की नाही हे पूर्ण रेंडर होऊन चालवल्याशिवाय कळत नाही, आणि कळेपर्यंत रात्र गेलेली असते. मग दुरुस्ती टाळली जाते. बाही हातातून आरपार गेलेली दिसते, पण पुन्हा १४४ फ्रेम म्हणजे जवळपास दहा तास, म्हणून ‘चालेल’ म्हटलं जातं. फिल्म इथेच पडते. माझ्यासाठी पारडं इव्हीकडे झुकलं ते याच एका गोष्टीने.

इव्ही चुकत नाही असं अजिबात नाही. ब्लेंडर ४.२ पासून त्यात रेट्रेसिंगचा (किरणांचा माग काढण्याचा) पर्याय आला, पण तो पडद्यावर जे दिसतंय त्यातूनच प्रतिबिंब शोधतो. पितळी हंड्याच्या दर्शनी बाजूला खोलीचा कॅमेऱ्यामागचा भाग दिसायला हवा, आणि तो तर फ्रेममध्येच नाही! तिथे स्फिअर प्रोब (आसपासचं दृश्य टिपणारा गोल) ठेवावाच लागतो. उसळलेल्या उजेडासाठी व्हॉल्यूम प्रोब (खोलीभर नमुनाबिंदूंची जाळी) बेक करावा, म्हणजे आधीच मोजून साठवावा लागतो. त्याचे नमुनाबिंदू भिंतीच्या आत अडकले तर कोपऱ्यांत काळे डाग येतात. भिंत एकाच प्लेनची असेल तर उजेड पलीकडून झिरपतो. भिंतींना जाडी द्या. वाड्याच्या भिंती तशाही जाडच असतात. बेक केलेला उजेड हलत नाही, म्हणून दार उघडताना खोली उजळणार असेल तर एक एरिया लाइट ठेवून त्याची तीव्रता कीफ्रेम देऊन वेळेनुसार बदलावी लागते. दिवे फार झाले की शॅडो बफर (सावल्यांसाठी राखलेली मेमरी) भरल्याचा इशारा येतो आणि काही सावल्या गायब होतात.

पण या सगळ्या चुका व्ह्यूपोर्टमध्ये (सीन रचायच्या पडद्यावर), काम करतानाच दिसतात. हंड्यात चुकीचं प्रतिबिंब असेल तर ते दुपारी दोनलाही चुकीचंच दिसतं, आणि तेव्हाच हंडा सरकवता येतो.

हाताने दिवे ठेवून उसळलेल्या उजेडाचा भास करणं म्हणजे लबाडी, असं काहींना वाटतं. संगणकशास्त्रज्ञ जेम्स काजियाने प्रकाशाचं समीकरण १९८६ मध्ये मांडलं, तरी १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’त उसळलेला उजेड मोजलेला नव्हता, तो दिवे लावूनच उभा केला होता. पिक्सारने रे-ट्रेस केलेल्या ग्लोबल इल्युमिनेशनचा (किरणांचा माग काढून मोजलेल्या उसळत्या उजेडाचा) आधार घेतला तो २०१३ च्या ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’साठी. आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ इव्हीतच रेंडर झाला. उजेड कुठे पडावा हे माणसाने ठरवण्याची शिस्त मला तरी उपयोगाचीच वाटते.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एका मशीनवर काम करणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. चोवीस दिवसांत किमान तीन गुरुवार येतात, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते. म्हणून थेट व्हिडिओ फाइल काढू नका, पीएनजी किंवा ईएक्सआर फ्रेम काढा. ओव्हरराइट बंद ठेवलं की राहिलेलं काम पुढून सुरू होतं. मात्र प्लेसहोल्डर्स (फ्रेम सुरू होताच रिकामी फाइल बनवणारा पर्याय) चालू असतील तर वीज गेली त्या क्षणाची फ्रेम शून्य बाइटची फाइल म्हणून पडून राहते. ब्लेंडर ती झालेली समजून पुढे जातं आणि एडिटमध्ये भोक दिसतं. फोल्डर आकारमानाप्रमाणे लावा, शून्यवाल्या पुसा, मगच पुन्हा सुरू करा. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत ग्राफिक्स कार्ड तापून वेग उतरतो, तेव्हा फ्रेमच्या वेळेचा अंदाज थोडा सैलच ठेवा.

बिल्डरच्या ब्रोशरसाठी फ्लॅटची स्थिरचित्रं काढायची असतील तर सायकल्सच घ्या. काच, पाणी, दागिने हाच विषय असेल, किंवा केस केसाकेसाने दिसायला हवे असतील, तरीही सायकल्स. दोन्ही मिसळायचा मोह होतो, कारण मटेरियल बहुतांशी दोन्हीकडे चालतात. मिसळायचंच तर अख्खा सीन एका बाजूला ठेवा. एकाच सीनमध्ये शॉट बदलताना रेंडरर बदलला तर कोपऱ्यांतल्या अंधाराची पातळी कटवर उडी मारते.

अजून निर्णय होत नसेल तर फिल्ममधला सर्वांत अंधारा, कॅमेरा सावकाश हलणारा शॉट निवडा. दोन्हींत ४८ फ्रेम काढा आणि घरातल्या टीव्हीवर लूप लावून पाहा. पात्राकडे नको, फळीखालच्या सावलीकडे पाहा.