बाजारात तुरी आणि माझी अठरावी पार्ट लिस्ट: पीसीपार्टपिकर रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अशा मुलीचा आहे जिने पीसीसाठी अजून एक स्क्रूसुद्धा विकत घेतलेला नाही. दीड वर्ष झालं पीसीपार्टपिकर, म्हणजे पीसीचे पार्ट निवडून लिस्ट बनवायची साईट, वापरतेय, सेव्ह केलेल्या लिस्ट अठरा, बनलेले पीसी शून्य. घरी यावरून रोज टोमणे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी वगैरे. मारू देत. पैसे हातात असते तर मी पहिलीच लिस्ट ऑर्डर करून मोकळी झाले असते, आणि ती पहिली लिस्ट, अरे देवा.

साईट काय आहे ते पटकन सांगते कारण त्यात फार काही नाही. उघडली की रिकामा तक्ता येतो, प्रोसेसर, कूलर, मदरबोर्ड, रॅम, स्टोरेज, ग्राफिक कार्ड, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, आणि प्रत्येकासमोर निवडा म्हणून बटण. एकेक पार्ट टाकत जायचं. प्रोसेसर टाकला की ज्यांच्या सॉकेटमधे, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेत, तो बसत नाही ते मदरबोर्ड यादीतून आपोआप गळतात, बोर्ड टाकला की चुकीची रॅम गळते. बाजूला एकूण किती वॉट लागतील याचा अंदाज आणि एकूण किंमत. फुकट आहे, अकाउंटशिवाय पण लिस्ट बनते, साठवून ठेवायची असेल तर लॉगिन करायचं. तुम्ही त्यांच्या लिंकवरून दुकानात जाऊन काही घेतलंत की त्यांना कमिशन मिळतं. म्हणजे माझ्याकडून त्यांना आजपर्यंत भोपळा.

तर पहिली लिस्ट. त्यात मी सरळ आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक कार्ड टाकलं होतं, का तर ते सगळ्यात मोठं होतं म्हणून. मग एकूण आकडा बघून घाबरले आणि कार्डाला हात न लावता बाकीचं सगळं कापत गेले, रॅम ८ जीबीची एकच स्टिक, पॉवर सप्लाय यादीतला सगळ्यात स्वस्त, बोर्ड असाच कुठलातरी. ४०९० एकटं ४५० वॉट खातं हे तेव्हा गावीही नव्हतं, बाजूचा वॉटचा आकडा बघून वाटलं साईटच चुकतेय. आणि माझ्याकडे मॉनिटर कुठला, तर साधा १०८०पी, ६० हर्ट्झ. म्हणजे कार्डाने सेकंदाला २०० फ्रेम काढले तरी मला दिसणार ६०च. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

तिथून मी लिस्ट उलटी बनवायला लागले आणि नवीन माणसाला मी हेच सांगेन. आधी मॉनिटर टाका. या साईटवर मॉनिटर, कीबोर्ड, विंडोज सगळं लिस्टमधे टाकता येतं, आपण टाकत नाही आणि मग शेवटी बजेट कुठे गेलं म्हणून शोधत बसतो. १०८०पी म्हणजे एका फ्रेममधे जवळजवळ २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाखांच्या आसपास, ४के म्हणजे ८३ लाख, १०८०पीच्या थेट चौपट. कार्डाला हे सगळे पिक्सेल सेकंदाला साठ वेळा की एकशे चव्वेचाळीस वेळा काढायचे आहेत ते मॉनिटर ठरवतो, तुमची हौस नाही. माझं उत्तर १४४०पी आणि १४४ हर्ट्झ निघालं आणि त्या दिवशी ४०९० लिस्टमधून गेलं, थोडं रडू आलं पण गेलं.

आता कंपॅटिबिलिटी, म्हणजे या साईटचं मुख्य काम. इथे मी साईट वापरता वापरता जेवढं शिकले तेवढं व्हिडिओ बघून शिकले नव्हते, कारण प्रत्येक वेळी काहीतरी गायब झालं की प्रश्न पडतो, का गेलं? एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड टाकला आणि आधीच्या पिढीची डीडीआर४ रॅम सगळी गेली, का, तर २०२२ साली आलेलं हे सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला दोन्ही चालतात पण एका बोर्डावर एकच, बोर्ड घेताना ठरवून टाकायचं. प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड नसेल तर स्क्रीन काळी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

बोर्डाखाली कधीकधी एक सूचना येते की या प्रोसेसरसाठी आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागू शकतं. मी हे सुरुवातीला जाहिरात असल्यासारखं दुर्लक्ष करायचे. मग कळलं की एएमडीचे रायझन ९००० प्रोसेसर आले २०२४ ला आणि एएम५ चे बी६५० बोर्ड आले २०२२ ला, तर गोदामात पडून राहिलेल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखूच येणार नाही, आणि ओळख करून द्यायला जुना प्रोसेसर हवा, तो आणणार कुठून. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय अपडेट होतं. तेव्हापासून बोर्ड बघताना मी आधी मागचं पॅनल बघते.

आणि आता माझा मूर्खपणा. सातवी की आठवी लिस्ट होती, दोन टॉवरवाला भलामोठा नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर आणि सोबत उंच, रंगीत लाइट मारणारी रॅम. वर हिरव्या पट्टीत सगळं ठीक आहे असं आलं आणि मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवला. तिने स्वतः चार-पाच पीसी जोडलेत. तिचा रिप्लाय एका ओळीचा, "रॅमवर पंखा बसवणार कसा?" मोजायला गेले तर त्या कूलरला दोन्ही पंखे लावले की खाली रॅमला जागा साधारण ३२ मिलिमीटर, आणि माझी रॅम चाळीसच्या वर. पंखा वर सरकवता येतो पण मग कूलरची उंची वाढते आणि कॅबिनेटची बाजूची काच बसत नाही. साईट खोटं बोलली का, तर नाही, खाली स्वच्छ लिहिलेलं असतं की काही जागेच्या अडचणी तपासलेल्या नाहीत, उदाहरणार्थ कूलरखाली रॅमची उंची. उदाहरणच माझं दिलेलं होतं! मी वाचलं नाही. हिरवं दिसलं की वाचन थांबतं, माणसाचा स्वभाव आहे.

तसंच पॉवर सप्लायचं. साईट वॉटची बेरीज करून देते, सप्लाय चांगला की वाईट हे सांगत नाही आणि ते तिचं काम पण नाही. ८० प्लस ब्राँझ की गोल्ड हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते त्याचा, आत संरक्षण कसलं आहे त्याचा नाही. शिवाय नवीन कार्ड क्षणभरासाठी स्वतःच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतात, म्हणून तर एटीएक्स ३.० हे सप्लायचं नवं मानक आलं, त्यात सप्लायने असे झटके सहन करायचे असं ठरवूनच दिलंय. तर बेरीज ४०० आली म्हणून ४५० चा सप्लाय टाकू नका. आणि जुन्या मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-लावता येणाऱ्या, सप्लायच्या वायरी नव्याला लावू नका, टोक बसतं पण आतली जोडणी वेगळी असते, ड्राइव्ह जळतात. हे लिस्टशी संबंधित नाही पण सांगावंसं वाटलं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र किमतीचा आलेख. प्रत्येक पार्टाची किंमत गेल्या काही महिन्यांत कशी वरखाली झाली ते रेघेत दिसतं, आणि हव्या त्या किमतीचा अलर्ट लावला की ईमेल येतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी हे सोनं आहे, कारण आपल्याकडे वेळच वेळ. सेलमधे खरंच स्वस्त झालं की आधी वाढवून मग उतरवलं ते रेघ बघितली की लगेच कळतं. पण ही रेघ रडवते पण. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे चढले की मी लिस्टमधे काडीचाही बदल न करता एकूण आकडा फुगत गेला. जुनी मंडळी म्हणतात हे काहीच नाही, २०२१ ला कार्डांवर क्रिप्टो चलन काढणाऱ्या मायनिंगवाल्यांनी कार्डं पळवली होती तेव्हा बघायला हवं होतंस, सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा कुठे श्वास घेतला.

मग लोक म्हणतात, जसे पैसे येतील तसं एकेक घेत जा. मी याच्या विरोधात आहे. आज रॅम घेतली, सहा महिन्यांनी बोर्ड, तर तोपर्यंत रॅम चालू आहे की मेलेली कळणार कसं? परत करायची मुदत संपलेली, वॉरंटी खोक्यातच झिजतेय, आणि मधल्या काळात तोच पार्ट उतरला तर डोक्याला हात. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आधी घ्या, ते लगेच वापरता येतात आणि लगेच तपासता येतात. कॅबिनेट पण चालेल, ते काही जुनं होत नाही. बाकी आतलं सगळं एका दमात, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. इथेच ते एफ कामाला येतं. एफ नसलेला, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला तर कार्डाशिवाय मशीन सुरू होतं, अभ्यास, पिक्चर, जुने हलके गेम सगळं चालतं.

कोणी हे वापरावं? ज्याला उद्या घ्यायचंय त्याने वापरावंच, पण खरी मजा ज्याला एवढ्यात घ्यायचं नाही त्याला. लोकांनी बनवलेल्या पीसींचे फोटो असतात, कुठलं कार्ड कुठल्या कॅबिनेटमधे कसं बसलं ते बघत मी किती रात्री काढल्यात ते विचारू नका. साईटच्या यादीत नसलेल्या देशांतल्या लोकांना मात्र किमती आणि अलर्टचा उपयोग नाही, त्यांना फक्त जुळतंय की नाही एवढंच कळेल. पाचापैकी साडेचार.

अठरावी लिस्ट आत्ता अशी आहे: रायझन ५ ७६००, ६५ वॉटचा, कूलर खोक्यातच येतो, आत छोटं ग्राफिक्स आहे. बी६५० बोर्ड, फ्लॅशबॅकचं बटण असलेला. १६ जीबी रॅमच्या दोन स्टिक, डीडीआर५ ६०००, बुटक्या, बिनलाइटच्या, आणि त्यांच्यावर अलर्ट लावलेला. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय. ग्राफिक कार्डाच्या रकान्यात निवडा म्हणून बटण तसंच आहे, काल रात्री त्यावर क्लिक केलं, अर्धा तास यादी बघितली आणि काही न टाकता मागे आले.