हुंगायचं की अंगाला लावायचं? सुगंधी तेल वापरण्याआधी

सुगंधी तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: लव्हेंडर घेऊ की पुदिना? माझ्या मते त्याआधी ठरवायची गोष्ट दुसरीच आहे. ते हुंगायचं आहे की अंगाला लावायचं? बाटली तीच असली तरी मात्रा, धोका आणि मिळणारा आराम यावरच ठरतो.

पोटात घेण्याचा विचार घरच्या घरी करूच नका. निलगिरीचं थोडंसं तेल गिळलं गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. विंटरग्रीन या सुगंधी झुडपाच्या 5 मिली तेलातलं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं द्रव्य) सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनच्या तोडीचं असतं. नावात ‘तेल’ असल्यामुळे हे खोबरेलाच्या जातीचं वाटतं, पण ते वनस्पतीतून ऊर्ध्वपातनाने किंवा साल दाबून काढलेलं, हवेत उडून जाणारं तीव्र द्रव्य आहे.

हुंगण्याचा मोठा फायदा म्हणजे ते लगेच थांबवता येतं. डोकं जड झालं की रुमाल बाजूला ठेवला, खिडकी उघडली, संपलं. त्वचेत मुरलेलं तेल असं परत काढता येत नाही. म्हणूनच नवख्या माणसाला मी आधी हुंगूनच बघायला सांगेन, आणि तेही डिफ्यूझरने, म्हणजे तेलाचा वास खोलीभर पसरवणाऱ्या यंत्राने नव्हे. रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाका आणि नाकापासून वीतभर लांब धरा.

डिफ्यूझर वाईट नाही. 100 मिली पाण्यात 3 ते 5 थेंब, अर्धा तास चालवून बंद, खोली हवेशीर, एवढं पाळलं तर तो छान चालतो. पाण्याशिवाय फवारणारा नेब्युलायझर मात्र बराच तीव्र असतो, त्यापासून सुरुवात नको. अडचण अशी की डिफ्यूझर लावला की वास तुमच्या एकट्याचा राहत नाही. घरात कुणाला दमा असेल तर त्याला धाप लागू शकते. तान्ह्या बाळाच्या आसपास पुदिना, निलगिरी, कापूर यांचा उग्र वास नकोच, बाळाचा श्वास अडकू शकतो. मांजरीच्या यकृताला यातली बरीच द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. केसांवर बसलेले तुषार ती चाटते, तेव्हा ते तिच्या पोटातही जातात. पक्षी पाळले असतील तर डिफ्यूझर विसराच. रुमालाला यातला कुठलाच प्रश्न इतका भेडसावत नाही, तरी त्याची शिफारस फारसं कुणी करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्वचा. चोळण्याचं सुख वेगळंच, आणि खरं सांगायचं तर निम्मा आराम हाताच्या स्पर्शाचाच असतो. पण इथे हिशेब चुकवून चालत नाही. 30 मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात साधारण 6 थेंब म्हणजे 1 टक्का, 12 थेंब म्हणजे 2 टक्के. चेहऱ्यासाठी 1 टक्क्याच्या वर जाऊ नका, अंगासाठी 2 पुरे. दालचिनी आणि लवंग या मात्रेतही त्वचा पोळू शकतात, सुरुवातीला ती दोन्ही टाळा. मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा, मगच पुढे जा.

‘लव्हेंडर नुसतं लावलं तरी चालतं’ हे सर्रास ऐकू येतं. आधाराला गोष्ट सांगतात ती रेने-मोरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची, ज्याने 1910 मध्ये भाजलेल्या हातांवर लव्हेंडर वापरलं. एका माणसाचा तो अनुभव सगळ्यांना लागू होत नाही. मीही एकदा उघडून वर्ष उलटलेलं लव्हेंडर मनगटावर तसंच लावलं होतं आणि आठवडाभर लाल चट्टे घेऊन हिंडले. लव्हेंडरमधलं लिनॅलूल हे सुगंधी द्रव्य हवेशी संयोग पावलं की त्यातून ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्या मात्रेनेही त्रास होतो. तेव्हापासून मी बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते, झाकण घट्ट लावते आणि बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवते.

साल दाबून काढलेल्या बर्गमॉट (संत्र्याच्या जातीचं एक फळ) किंवा लिंबाच्या तेलाचा धोका आणखी निराळा. ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते, डागही राहतात. लावल्यावर निदान 12 तास तो भाग उन्हापासून झाकून ठेवा. याच तेलांचा वास घेताना ही भीती नसते. आंघोळीच्या पाण्यात नुसते थेंब टाकणं हाही त्वचेवर लावण्याचाच प्रकार. तेल पाण्यात विरघळत नाही, तवंग थेट अंगाला चिकटतो.

मग निवड कशी करायची? झोप लागत नाही, मन बेचैन आहे, तर हुंगा. लव्हेंडरच्या वासाने थोडी मदत झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण ते औषधोपचाराच्या जागी नाही. पाठ-खांदे आखडले असतील तर मालिश. मुरुमांसाठी टी ट्री (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल) हवं असेल तर घरी मिसळत बसू नका, तयार 5 टक्क्यांचं जेल घ्या. ऑस्ट्रेलियातल्या 1990 च्या एका चाचणीत ते बेन्झॉइल परॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा हळू चाललं, पण त्याचे दुष्परिणाम कमी झाले. गरोदरपण, अपस्मार किंवा रोजची औषधं असतील तर दोन्हींपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि कुणी तेल गिळलंच तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.