गाडी मिसिंग करून राहिली? इंजिन बदलायच्या आधी दोन्ही बाजू ताडून पाहा

बोनेट उघडलं, गाडी चालू करून दोन मिनिटं आवाज ऐकला, ऑइलचं झाकण काढून आत डोकावलं आणि मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, इंजिन बसलं तुमचं. एक जुनं पण चांगलं इंजिन आहे, टाकून देतो, मजुरी धरून ४२ हजार." एकही प्लग खोलला नव्हता त्यानं. माझी गाडी २००८ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेली, आणि मी जवळजवळ हो म्हणून मोकळा झालो होतो, कारण मे महिना होता आणि नागपूरच्या मे मधे दुपारी दोन लेकरं घेऊन टू व्हीलरवर कोण फिरणार. शेवटी गाडी १४ हजारात नीट झाली, इंजिन तेच आहे, परवा रामटेकला जाऊन आलो. तुमच्यापुढे आत्ता हाच प्रश्न असेल तर थोडं शांतपणे वाचा.

मिसिंग म्हणजे चारपैकी एका सिलिंडरमधे पेट्रोल पेटत नाही, किंवा कधी पेटतं कधी नाही. पेटायला तीन गोष्टी लागतात, वेळेवर स्पार्क, मापात पेट्रोल आणि पुरेसा दाब, ज्याला आपण कॉम्प्रेशन म्हणतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी इंजिनच्या बाहेरून लावलेल्या असतात, प्लग, प्लग वायर, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देते ती), इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो), सेन्सर. फक्त तिसरी इंजिनच्या पोटात असते. आणि जुनं इंजिन टाकताना बऱ्याचदा नुसता ब्लॉक (सिलिंडर असतात तो खालचा भाग) आणि हेड (त्यावर बसणारा, वॉल्ववाला वरचा भाग) येतो, कॉइल, वायर, इंजेक्टर, सेन्सर तुमच्याच जुन्या इंजिनवरचे काढून त्यावर चढवतात. म्हणजे खराबी कॉइलमधे असेल तर ४२ हजार देऊनही गाडी तशीच झटके मारणार! हे समजलं तेव्हा मी त्या गॅरेजमधून गाडी तीन सिलिंडरवरच हळूहळू घरी आणली.

आता तपासणीचं. माझी गाडी मानेवाड्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला की कधी मिसिंग करते, उभी असताना का लोडवर. हा प्रश्न फुकट आहे आणि अर्धं उत्तर त्यातच असतं. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमधे ॲक्सिलरेटर दाबला की झटके देते पण सिग्नलवर गुपचूप उभी राहते, तर संशय स्पार्कवर किंवा पेट्रोलवर, कारण लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि कमजोर कॉइलला तिथे ठिणगी पाडणं जमत नाही. उलट सिग्नलवर गाडी थरथरते, सायलेन्सरमधून फुक-फुक येते, पण स्पीड घेतला की बरीचशी सुधारते, तर कुठेतरी हवा ओढून राहिली किंवा एखादा वॉल्व, म्हणजे सिलिंडरची झडप, नीट बसत नाही. माझी दुसऱ्या जातीची होती. आणि फक्त पहिल्या पावसातच मिसिंग करत असेल तर प्लग वायर पाहा, आपल्याकडच्या उन्हात त्यांचं रबर कडक होऊन चिरतं. रात्री अंधारात बोनेट उघडून, गाडी चालू ठेवून, वायरींवर स्प्रेच्या बाटलीनं थोडंसं पाणी मारलं की चिरेतून निळी ठिणगी उडताना डोळ्यांनी दिसते (हात लांब ठेवा, झटका जोरदार लागतो).

मग कोणतं सिलिंडर मेलं ते शोधायचं. इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. चांगल्या सिलिंडरचं काढलं की इंजिनचा आवाज पडतो, मेलेल्याचं काढलं तर काहीच फरक पडत नाही. बरेच मिस्त्री सवयीनं प्लगची वायर उपटतात, तसं करू देऊ नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन पेटतं आणि तो खराब होतो. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर तो याचसाठी ओरडत असतो, अशी गाडी रेमटवत नेऊ नका. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, असेल तर काम सोपं, पी०३०० म्हणजे कुठेही मिसिंग, पी०३०३ म्हणजे तीन नंबरचं सिलिंडर. फक्त २०१३ च्या आधीच्या गाडीला बाजारातला स्वस्त ब्लूटूथवाला लागेलच असं नाही.

माझं तीन नंबर निघालं. काकांनी तीनचा प्लग एकला टाकला न एकचा तीनला. मिसिंग प्लगसोबत सरकलं असतं तर दीडशे रुपयांत विषय संपला असता. वायरचंही तेच केलं, तरी मिसिंग तीनलाच. ज्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरला ठिणगी देते तिथे कॉइल गेली तर सहसा जोडीनं दोन सिलिंडर मरतात, एक आणि चार किंवा दोन आणि तीन, त्यामुळे माझी कॉइल तिथंच संशयातून सुटली. प्लगसुद्धा बोलतो बरं का. तोंड ओलं, ऑइलचं तर रिंग (पिस्टनभोवतीची कडी) किंवा वॉल्व सील, कोरडी काळी काजळी तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर, पांढराफटक तर पेट्रोल कमी पडून राहिलं किंवा इंजिन तापून राहिलं.

आता खरा मुद्दा, कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर आणि कॉइलचं कनेक्शन काढलेलं, बॅटरी फुल, दाब मोजायचं गेज प्लगच्या भोकात घट्ट आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा सेल्फ. ॲक्सिलरेटर दाबला नाही तर रीडिंग खोटं कमी येतं आणि कोणी त्यावरूनही तुमचं इंजिन मारून टाकू शकतं, म्हणून स्वतः सीटवर बसा. साधारण १५० ते १९० पीएसआय चांगलं, पण आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांत असावा. माझे आले १६८, १६५, ७५, १७०. काकांनी ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले, मग तीनच्या भोकात चहाचा एक छोटा चमचा इंजिन ऑइल टाकलं आणि परत मारलं. ८०. ऑइल टाकून आकडा चांगला चढला असता तर रिंगा गेल्यात असं ठरलं असतं. चढला नाही म्हणजे दाब वरून जातोय, वॉल्व किंवा हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधलं). पॅकिंगमधे बऱ्याचदा शेजारचे दोन सिलिंडर मिळून पडतात, इथे दोन आणि चार ठणठणीत होते. तरी खात्रीसाठी त्यांनी तीनचं पिस्टन वर आणलं, गाडी गिअरमधे टाकली, हँडब्रेक ओढला आणि बाजूच्या पंक्चरवाल्याकडून हवेची नळी आणून भोकात लावली. मला म्हणाले, "जा, सायलेन्सरला कान लाव." आत सूऽऽ आवाज. एग्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा वॉल्व जळलेला. तोच आवाज थ्रॉटलमधून, म्हणजे इंजिन हवा आत घेतं तिथून, आला असता तर इनटेकचा वॉल्व, ऑइलच्या झाकणातून आला असता तर रिंगा, रेडिएटरमधे बुडबुडे आले असते तर हेड पॅकिंग. ४२ हजाराचा प्रश्न त्या एका आवाजानं मिटला.

तर मग निवड कशी करायची ते. हेडचं काम म्हणजे हेड उतरवून वॉल्व बदलणं, घासून बसवणं, नवीन पॅकिंग, आणि खोललंच आहे तर टायमिंग बेल्टही. माझे १४ हजार यात गेले, लेथवाल्याकडे हेड दोन दिवस होतं, एकूण चार दिवस गाडी उभी. हे तेव्हाच करा जेव्हा खालचा भाग चांगला आहे, म्हणजे बाकी सिलिंडरचं कॉम्प्रेशन नीट, निळा धूर नाही, ऑइल पीत नाही.

फुल इंजिन काम, म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हे मला दुसऱ्या एका ठिकाणी ३५ ते ४० हजार सांगितलं होतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलंय, ऑइल टाकलं की चढतं, मागून निळा धूर येतो, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागतं, तर याला पर्याय नाही आणि माझ्या मते जुन्या इंजिनपेक्षा हेच बरं, कारण आत काय टाकलं ते तुमच्या डोळ्यासमोर टाकलेलं असतं. त्रास एकच, दहा-पंधरा दिवस जातात आणि मग पहिले हजार किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी लागते, समृद्धीवर १२० नं पळवायची हौस तेवढे दिवस बाजूला ठेवा.

जुनं इंजिन टाकण्यात वेळ वाचतो हे खरं, दोन दिवसात गाडी हातात. ब्लॉक फुटलाय, कनेक्टिंग रॉडनं भोक पाडलंय, किंवा खालून ठकठक आवाज येतोय आणि क्रँक घासून गेलाय, तर हा रस्ता रास्त आहे. पण ते इंजिन किती चाललं, कसं तापलं, कुठल्या गाडीचं, कोणी सांगत नाही. म्हणून घ्यायच्या आधी त्याचंही कॉम्प्रेशन मारून दाखवा म्हणा, जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि कागदांचं लोक विसरतात. आरसी बुकवर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंद करावी लागते, त्याला इंजिनचं बिल लागतं, इन्शुरन्स कंपनीला कळवावं लागतं. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर ती डोकेदुखी ४२ हजारात मावत नाही, आणि पुढे गाडी विकताना नंबर जुळला नाही तर घेणारा तिथंच मागे सरतो.

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आणखी एक हिशोब करा. आरसी रिन्यू करायची फी कारला एप्रिल २०२२ मधे ५ हजार झाली होती, वर ग्रीन टॅक्स आणि फिटनेस, म्हणजे ज्या गाडीत इंजिनचे ४० हजार घालताय तिचा पत्रा खालून सडलेला तर नाही ना, ते आधी जॅकवर चढवून पाहा. सडलेला असेल तर कोणतंच इंजिन काम करू नका, चालू स्थितीत विका.

गॅरेजला जाताना एवढंच मागा: चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, कोरडे आणि ऑइल टाकून, कागदावर लिहून. माझ्याकडून त्याचे ४०० रुपये घेतले. तो पुठ्ठा अजून माझ्या ग्लोव्ह बॉक्समधे आहे, १६८, १६५, ७५, १७०, आणि खाली हेडच्या कामानंतरचा तीन नंबरचा आकडा, १६६.