सिक्युरिटी प्लस : अमेरिकी संरक्षण खात्यातील आयटी कामासाठी लागणाऱ्या परीक्षेविषयी

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, किंवा त्या खात्याची कामे घेणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांत, संगणकप्रणाली सांभाळण्याची नोकरी शोधू लागले की कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या संगणक-सुरक्षेच्या परीक्षेचे नाव जाहिरातींत सतत दिसते. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये राहणारी आपली बरीच मंडळी नागरिकत्व मिळाल्यावर या कामांकडे वळतात, आणि परीक्षा कशी आहे, क्लास लावावा का, खर्च किती येतो, असे प्रश्न मला वरचेवर विचारतात. मी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन अशाच एका कंत्राटदाराकडे काम करते, तेव्हा माझे मत आधीच सांगते. परीक्षा चांगली आहे आणि तिच्या तयारीला दिलेला वेळ वाया जात नाही. परंतु ती ज्या कामासाठी मागितली जाते, ते काम येते की नाही हे तिच्यावरून कळत नाही, आणि खात्यानेही नियम बदलून आता तसेच मानले आहे.

या परीक्षेचा एवढा आग्रह का, हे समजून घेतलेले बरे. संरक्षण खात्याने २००४ साली ८५७० क्रमांकाचा निर्देश काढला आणि २००५च्या अखेरीस त्याची नियमपुस्तिका आली. खात्याच्या संगणकांवर प्रशासकाचे अधिकार असणाऱ्या व्यक्तीकडे, मग ती गणवेशातली असो, मुलकी कर्मचारी असो वा कंत्राटदाराची असो, मान्य यादीतले एखादे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असा तो नियम होता. तांत्रिक कामाच्या तीन पातळ्या केलेल्या होत्या आणि त्यांतल्या दुसऱ्या पातळीसाठी सिक्युरिटी प्लस सर्रास दिली जाई. सैनिक आणि मुलकी कर्मचारी यांना नेमणुकीनंतर सहा महिन्यांची मुदत मिळे, पण कंत्राटदाराच्या माणसाकडे कामाच्या पहिल्या दिवशीच प्रमाणपत्र असावे लागे. म्हणूनच खासगी कंपन्यांत अनेक वर्षे सर्व्हर सांभाळलेल्या, कामात मुरलेल्या माणसालाही या एका कागदावाचून रुजू होता येत नसे, आणि कंत्राटदाराच्या माणसाने पहिल्याच दिवशी पात्र असण्याचा दंडक आजही तसाच आहे.

आता परीक्षेविषयी. सध्याची आवृत्ती, म्हणजे ७०१ क्रमांकाची, नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली. जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटे, आणि १०० ते ९०० या गुणश्रेणीत ७५० गुणांना उत्तीर्ण. शुल्क चारशे डॉलरांहून अधिक आहे, आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागते. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या तरुण मुलांना ही रक्कम जड जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. नौदलासह सेनादलांत परीक्षेचा खर्च देण्याच्या योजना आहेत, तेव्हा सेवेत असणाऱ्याने आधी तिकडे चौकशी करावी. अभ्यासक्रमाच्या पाच भागांपैकी प्रत्यक्ष सुरक्षा-व्यवहारांना २८ टक्के आणि धोके व त्रुटींना २२ टक्के भार आहे, आणि ही वाटणी मला योग्य वाटते, कारण नोकरीत दिवसाचा बराचसा वेळ याच दोन गोष्टींत जातो.

या परीक्षेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कृतिप्रश्न, म्हणजे पर्याय न निवडता पडद्यावर काम करून दाखवण्याचे प्रश्न. ते संख्येने थोडे असतात, पण खरी कसोटी तेथेच लागते. परीक्षेतला प्रश्न बाहेर सांगण्यास मनाई आहे, म्हणून सरावसंचांत सर्वत्र आढळणारा नमुना सांगते. पडद्यावर एका छोट्या कार्यालयाच्या जाळ्याची आकृती असते आणि शेजारी फायरवॉलच्या, म्हणजे जाळ्यातली ये-जा अडवणाऱ्या वा सोडणाऱ्या पहारेकऱ्याच्या, नियमांचा रिकामा तक्ता : कोठून, कोठे, कोणते पोर्ट (संगणकात शिरण्याचे क्रमांक दिलेले दार), परवानगी की मनाई. हिशेब विभागाच्या संगणकावरून केवळ ४४३ पोर्टने सर्व्हरपर्यंत जाता यावे, व्यवस्थापकाच्या संगणकाला २२ पोर्ट मोकळे असावे आणि बाकी सर्व अडवले जावे, अशी मागणी असते. पोर्टचे आकडे पाठ असणाऱ्याला हे सोपे वाटते. परंतु नियम वरून खाली तपासले जातात, आणि ‘बाकी सर्व अडवा’ हा नियम चुकून वरच्या ओळीत बसला तर खालच्या कोणत्याही परवानगीला अर्थ उरत नाही, हे ज्याने एकदा तरी हाताने करून पाहिले आहे त्यालाच ऐनवेळी सुचते. बहुपर्यायी प्रश्नांत मात्र ‘सर्वांत योग्य उत्तर’ विचारण्याची पद्धत कधीकधी खटकते, कारण चारपैकी दोन पर्याय व्यवहारात तितकेच योग्य असू शकतात आणि उमेदवाराची परीक्षा ज्ञानापेक्षा वाचनाची होते. कृतिप्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात. ते खूण करून मागे ठेवावेत आणि बहुपर्यायी प्रश्न आटोपून त्यांच्याकडे वळावे.

तयारीसाठी पाच दिवसांचे निवासी वर्ग निघतात आणि त्यांचे शुल्क हजारो डॉलरांत असते. मी बसले होते त्या वर्गात शिक्षक तयार स्लाइड वाचून दाखवीत, आणि ज्यांना नेटवर्कची ओळख नव्हती ते विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासूनच मागे पडले. पाया पक्का असणाऱ्याला असा वर्ग उजळणी म्हणून उपयोगी पडतो, परंतु नवख्याने त्यात पैसे घालू नयेत. परीक्षेची उद्दिष्टे कॉम्पटियाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, अभ्यासक्रम पूर्ण करणारी उत्तम व्याख्याने यूट्यूबवर आहेत, आणि घरच्या संगणकावर दोन आभासी यंत्रे (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेले स्वतंत्र संगणक) उभी करून त्यांच्यात फायरवॉल लावून पाहण्यास काहीच खर्च येत नाही. फुटलेले प्रश्न विकणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकूही नये. ते उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते, आणि जेथे माणसाच्या सचोटीची कसून चौकशी होते अशा क्षेत्रात त्या डागाचे परिणाम फार दूरवर जातात.

परीक्षा अपुरी पडते ती प्रत्यक्ष टेबलावर. तिच्यात प्रणाली मजबूत करण्याविषयी चार ओळींचे प्रश्न येतात. नोकरीत मात्र खात्याच्या माहिती-प्रणाली संस्थेने, म्हणजे डिसाने, काढलेल्या सुरक्षा-मार्गदर्शिका पुढ्यात येतात. एकेका ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत शेकडो कलमे असतात आणि प्रत्येक कलम गांभीर्यानुसार तीनपैकी एका वर्गात मोडते. एखादे कलम लागू केले की जुना पण अत्यावश्यक कार्यक्रम बंद पडतो, आणि मग ते कलम का लागू करता येत नाही, त्याऐवजी कोणती खबरदारी घेतली आणि दुरुस्ती कधी होणार, हे लेखी मांडून मंजुरी घ्यावी लागते. सिक्युरिटी प्लसच्या पुस्तकातून हे शिकता येत नाही. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.

म्हणून जुन्या ८५७०च्या पुस्तिकेच्या जागी फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ८१४०.०३ या नव्या नियमपुस्तिकेचे मी मनापासून स्वागत करते. आता विचार ‘पातळी’चा होत नाही, तर कामाच्या नेमक्या भूमिकेचा होतो, आणि प्रत्येक भूमिकेला प्राथमिक, मध्यम व प्रगत अशा तीन श्रेणी आहेत. पहिली पात्रता पदवी, मान्य प्रशिक्षण किंवा प्रमाणपत्र यांपैकी कोणत्याही मार्गाने मिळवता येते. त्यानंतर नेमून दिलेल्या प्रणालीवर देखरेखीखाली काम करून ते येते असे दाखवावे लागते. मुलकी कर्मचारी व सैनिक यांना पहिल्या टप्प्यासाठी नऊ महिने आणि दुसऱ्यासाठी बारा महिने मिळतात, शिवाय दरवर्षी किमान २० तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. भूमिकांच्या गटांपैकी सायबर सुरक्षा गटासाठी पहिल्या टप्प्याची अखेरची तारीख १५ फेब्रुवारी २०२५ होती आणि उरलेल्या गटांसाठी १५ फेब्रुवारी २०२६. या बदलाचा एक व्यावहारिक अर्थ असा, की सिक्युरिटी प्लस अनेक भूमिकांना चालते, तरी सर्व भूमिकांना आणि सर्व श्रेणींना चालत नाही. जाहिरातीत भूमिकेचा क्रमांक दिलेला असेल तर खात्याच्या मान्य यादीत तो पाहावा आणि मगच परीक्षेचे शुल्क भरावे.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही परीक्षा पुण्यात बसूनही देता येते आणि खासगी नोकरीसाठी तिचा उपयोग होतो. परंतु अमेरिकी संरक्षण खात्याच्या या कामांना सहसा सुरक्षा मंजुरी (गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी) लागते आणि तिच्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व आवश्यक असते. त्या आशेने कोणी क्लासवाल्यांना पैसे देऊ नयेत.

प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. नूतनीकरणासाठी त्या काळात पुढील शिक्षणातून मिळणारे ५० शिक्षण-गुण जमवून वार्षिक शुल्क भरावे लागते, किंवा त्याच संस्थेची सायसा प्लस ही वरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सिक्युरिटी प्लस आपोआप पुढे चालू राहते. मुदत उलटली तर पुन्हा मूळ परीक्षेलाच बसावे लागते, तेव्हा गुणांची नोंद संकेतस्थळावर वेळच्या वेळी करून तिचे पुरावे स्वतःजवळही ठेवावेत.