ट्रॅपमधला ट्रॅप: फर्मवेअरसाठी कॉर्टेक्स-एम की रिस्क-फाइव्ह?

कॉर्टेक्स-एम आणि रिस्क-फाइव्ह या दोन्ही प्रोसेसर आर्किटेक्चरवर मी तळापासून फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसणारा प्रोग्राम, लिहिलं आहे. तळापासून म्हणजे स्टार्टअपची असेंब्ली, व्हेक्टर टेबल (कोणत्या घटनेला कुठला कोड, त्या पत्त्यांची यादी), फॉल्ट हँडलर (चूक झाली की चालणारा कोड), सगळं हाताने. काम पंपाच्या मोटर कंट्रोलरचं. शेतातल्या किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पॅनेलमध्ये बसवलेला बोर्ड रात्री दोन वाजता रीसेट झाला, तर तिथे डीबगर लावून कोणी बसलेलं नसतं. बोर्डाने कोसळताना रॅमच्या कोपऱ्यात जे चार आकडे लिहून ठेवले असतील, तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी शोध घ्यायचा. म्हणून प्रोसेसर निवडताना मी सगळ्यात आधी हे बघतो की पडताना तो काय सांगून जातो.

क्लॉक, फ्लॅश, किंमत यांची तुलना इथे नाही, ती डेटाशीटमध्ये मिळेल. कॉर्टेक्स-एम म्हणताना मी एम३, एम४ आणि एम३३ धरतो आहे. एम०+ मध्ये फॉल्टचं कारण सांगणारी रजिस्टरं नाहीत, तिथे प्रत्येक चूक नुसती हार्डफॉल्ट म्हणून समोर येते, त्यामुळे तो वेगळा विषय. रिस्क-फाइव्ह म्हणताना ३२ बिटी, मशीन मोडमध्येच, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या पातळीवर, चालणारे छोटे कंट्रोलर.

दोघांच्या स्वभावातला फरक इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष मागणारा इशारा, आल्याच्या क्षणीच दिसतो. कॉर्टेक्स-एम हार्डवेअर आठ शब्द, म्हणजे रजिस्टरांतल्या आठ ३२ बिटी किमती, स्वतः स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यावर) ठेवतं: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि स्टेटस. मग व्हेक्टर टेबलमधून पत्ता उचलून थेट तुमच्या हँडलरमध्ये. एम३ आणि एम४ वर, मेमरी थांबवत नसेल तर, हे सगळं १२ सायकलमध्ये. एक इंटरप्ट संपता संपता दुसरा वाट बघत असेल तर मधलं काढणं-ठेवणं टाळून सहा सायकलमध्ये पुढच्यात. हँडलर हे साधं सी फंक्शन असतं. ना वेगळा ॲट्रिब्यूट, ना असेंब्ली.

रिस्क-फाइव्ह जवळजवळ काहीच करत नाही. परतीचा पत्ता एमईपीसी या रजिस्टरमध्ये, कारण एमकॉजमध्ये, फॉल्ट असेल तर बहुतेक वेळा संबंधित पत्ता एमटीव्हॅलमध्ये, इंटरप्ट बंद, आणि एमटीव्हेकने दाखवलेल्या जागी उडी. रजिस्टरं वाचवायचं काम तुमचं. हँडलरमधून दुसरं फंक्शन बोलावणार असाल तर आरए, सात टी आणि आठ ए मिळून सोळा रजिस्टरं आधी ठेवायची आणि शेवटी काढायची. कंपायलरला इंटरप्टचा ॲट्रिब्यूट दिला तर तो हे करतो. तो द्यायला विसरलात तर फंक्शन एमरेट या हँडलरमधून परतायच्या इन्स्ट्रक्शनऐवजी साध्या रेटने संपतं, आणि प्रोग्राम कुठेतरी भलतीकडे निघून जातो.

तरीही रिस्क-फाइव्हची ही रचना मला सुंदर वाटते, हे आधी मोकळेपणाने सांगतो. एक कारण, एक पत्ता, एक जादा माहिती. इंटरप्ट आहे की एक्सेप्शन (चालू इन्स्ट्रक्शनमुळेच आलेला अडथळा; दोन्हींना मिळून ट्रॅप म्हणतात) ते एमकॉजच्या सगळ्यात वरच्या बिटावरून कळतं. बेकायदा इन्स्ट्रक्शन दोन, लोडचा ॲक्सेस फॉल्ट पाच, स्टोअरचा सात. पान-दीड पानात सगळं समजतं. कॉर्टेक्स-एममध्ये मेममॅनेज, बसफॉल्ट, युसेजफॉल्ट, ते चालू केलेले नसले तर सगळ्यांचा हार्डफॉल्ट, शिवाय कोणत्या स्टॅकवर परतायचं ते सांगणारी एलआरमधली विशेष संख्या. शिकणाऱ्याला हे जड जातं. मला स्वतःला स्टॅकचं चालू टोक दाखवणारी दोन रजिस्टरं, मुख्य स्टॅक पॉइंटर आणि प्रोसेस स्टॅक पॉइंटर, म्हणजे एमएसपी आणि पीएसपी, यांतला फरक अंगात मुरायला बरेच महिने लागले होते. आणि शेवटी माझा निर्णय त्याच फरकावर ठरला.

झालं असं. एका बोर्डावर आम्ही रिस्क-फाइव्ह कंट्रोलर घेतला होता. शेड्युलर, म्हणजे कोणता टास्क कधी चालवायचा ते ठरवणारा कोड, आमचाच, छोटा, सहा टास्कचा. प्रत्येक टास्कच्या स्टॅकखाली पीएमपीची (मेमरीच्या भागांना परवानग्या लावणाऱ्या हार्डवेअरची) कुलूपबंद पट्टी ठेवली होती, २५६ बाइटची, जिथे कोणालाच लिहायची परवानगी नाही. टास्कने स्टॅक ओलांडला की लगेच स्टोअर ॲक्सेस फॉल्ट यावा, हँडलरने एमकॉज, एमईपीसी आणि एमटीव्हॅल लिहून ठेवावेत, मग रीसेट. कागदावर यात काही चूक नव्हती. फिल्डवरून परत आलेल्या बोर्डाची नोंद वाचली. एमकॉज सात, म्हणजे पट्टीवर कोणीतरी आदळलं हे बरोबर. पण एमईपीसी कुठल्याच टास्कमध्ये नव्हता. तो होता ट्रॅप हँडलरच्या दुसऱ्या इन्स्ट्रक्शनवर. दुसरा बोर्ड, तोच पत्ता. तिसरा बोर्ड, तोच.

जवळजवळ आठवडाभर आम्ही हँडलरमध्येच दोष शोधत होतो. मग एका संध्याकाळी डीबगर लावून, स्टॅक मुद्दाम फोडून, एकेक इन्स्ट्रक्शन पुढे नेत बसलो, तेव्हा उलगडलं. टास्कने पट्टीत लिहायचा प्रयत्न केला आणि खरा फॉल्ट आला. त्या क्षणी एमईपीसीत अगदी अचूक पत्ता होता. हँडलर सुरू झाला, त्याने स्टॅक पॉइंटर ६४ ने खाली नेला आणि पहिलं रजिस्टर ठेवायला गेला. कुठे? त्याच फुटलेल्या स्टॅकवर, त्याच पट्टीत. पुन्हा फॉल्ट. आता एमईपीसीत हँडलरचा स्वतःचा पत्ता, आणि टास्कचा पत्ता कायमचा पुसला गेला. हँडलर पुन्हा पहिल्यापासून, आणखी ६४ खाली. असं तीन-चार वेळा झाल्यावर स्टॅक पॉइंटर पट्टी ओलांडून पलीकडे गेला, तिथे दुसऱ्याच टास्कचा डेटा होता. त्यावर रजिस्टरं लिहून हँडलर शांतपणे पुढे गेला आणि त्याने नीटनेटकी, पण निरुपयोगी नोंद केली. आम्ही लावलेला पहारा चोराला अडवत होता आणि आमच्याच हवालदाराला खड्ड्यात ढकलत होता.

उपाय माहीत असलेल्यांना हे वाचताना हात शिवशिवत असतील. हँडलरच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनला स्टॅक पॉइंटर आणि एमस्क्रॅच हे मोकळं ठेवलेलं रजिस्टर यांची अदलाबदल करायची, ट्रॅपसाठी वेगळा स्टॅक ठेवायचा, आणि आधीच ट्रॅपमध्ये असलो तर ते ओळखण्यासाठी एमस्क्रॅचमध्ये शून्य ठेवायचा संकेत पाळायचा. मोजक्या चार-पाच ओळी. त्या घातल्यावर खरा पत्ता मिळाला: संदेश जुळवणाऱ्या एका फंक्शनमध्ये कोणीतरी ५१२ बाइटचा स्थानिक ॲरे घेतला होता. दहा मिनिटांत काम संपलं.

कॉर्टेक्स-एमवर हाच अपघात मी नंतर करून पाहिला. २०२४ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या आरपी२३५० चिपमध्ये दोन एम३३ आणि दोन हॅझर्ड३, म्हणजे रिस्क-फाइव्ह, असे दोन्ही कोअर आहेत, बूट होताना कोणते चालवायचे ते आपण ठरवतो. पेरिफेरल तेच, रॅम तीच. अशा तुलनेसाठी याहून सोयीचा बोर्ड मला माहीत नाही. एम३३ वर टास्क पीएसपीवर चालवले, त्याची मर्यादा पीएसपीएलआयएम या रजिस्टरमध्ये लिहिली आणि तोच मोठा ॲरे घेतला. फॉल्ट आला, हँडलर नेहमीसारखा एमएसपीवर सुरू झाला. हँडलर मोडमध्ये कॉर्टेक्स-एम कायम एमएसपीच वापरतो, तो पर्याय तुमच्या हातात नाहीच. टास्कचा स्टॅक कितीही फुटलेला असला तरी हँडलरच्या पायाखालची जमीन शाबूत राहिली. स्टॅक ओव्हरफ्लोचा बिट लागलेला, चालू टास्कचा पॉइंटर जागेवर, नोंद पूर्ण.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. अशा वेळी कॉर्टेक्स-एमने ठेवलेल्या फ्रेममधल्या (त्या आठ शब्दांमधल्या) पीसीवर, म्हणजे इन्स्ट्रक्शनच्या पत्त्यावर, विसंबता येत नाही, कारण फ्रेम ठेवायला जागा उरलेली असेलच असं नाही. म्हणजे मला टास्क कळला, कारण कळलं, नेमकी ओळ नाही. नीट लिहिलेल्या रिस्क-फाइव्ह हँडलरने ओळसुद्धा दिली होती. राइट बफरमुळे (लिहायचा डेटा थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या जागेमुळे) येणारा अनिश्चित बसफॉल्टही कॉर्टेक्स-एमचाच त्रास: चुकीच्या पत्त्यावर लिहिलं जातं एका ओळीत आणि फॉल्ट दिसतो तीन-चार ओळी पुढे. एम३ आणि एम४ वर शोध घेताना तो बफर बंद करता येतो, वेग थोडा पडतो, पण पत्ता अचूक मिळतो. हे माहीत नसेल तर माणूस भलत्याच ओळीकडे टक लावून बसतो.

मग तराजू कुठे झुकतो? माझ्यापुरतं उत्तर त्या आठवड्यात आहे. रिस्क-फाइव्हने मला चार-पाच ओळी लिहायची मुभा दिली होती, आणि मी त्या लिहिल्या नव्हत्या. कॉर्टेक्स-एमवर मी त्या विसरूच शकलो नसतो. फक्त फॉल्टचाच प्रश्न नाही. साध्या टायमर इंटरप्टच्या हँडलरलाही जागा लागते. कॉर्टेक्स-एमवर टास्कच्या स्टॅकवर फक्त ३२ बाइटची फ्रेम पडते, फ्लोटिंग पॉइंट वापरत असाल तर १०४ ची. उरलेलं सगळं एमएसपीवर. रिस्क-फाइव्हवर स्टॅक बदलला नाही तर हँडलरची पूर्ण खोली प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये धरावी लागते, आमच्याकडे सहा वेळा. फ्रीआरटीओएस या तयार आरटीओएसच्या (टास्क चालवणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) रिस्क-फाइव्ह पोर्टमध्ये इंटरप्टसाठी वेगळा स्टॅक आहे, पण रजिस्टरं आधी टास्कच्याच स्टॅकवर जातात, तेव्हा आरटीओएस घेतला म्हणून हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

दुसरी कुरकुर छोटी आहे, पण प्रकल्प बदलताना टोचते. एनव्हीआयसी, म्हणजे इंटरप्ट सांभाळणारा भाग, कोणाचाही कॉर्टेक्स-एम घेतला तरी ओळखीचा असतो. रिस्क-फाइव्हमध्ये कोअर ओळखीचा, पण दारावरचा द्वारपाल दर चिपला नवा. कुठे क्लिंट आणि प्लिक, जीडी३२व्हीएफ१०३ मध्ये एक्लिक, ईएसपी३२-सी३ मध्ये त्यांची स्वतःची मॅट्रिक्स, सीएच३२व्ही००३ मध्ये पीफिक आणि हार्डवेअरनेच रजिस्टरं ठेवायची सोय, पण त्यासाठी त्यांच्याच कंपायलरचा खास ॲट्रिब्यूट. हॅझर्ड३ चे इंटरप्ट रजिस्टर पुन्हा वेगळे. एका चिपवर पारखून घेतलेला इंटरप्टचा कोड दुसरीवर जवळजवळ नव्याने लिहावा लागतो. एकच चिप वर्षानुवर्षं वापरणार असाल तर याचं फारसं वाटणार नाही.

तुम्ही शिकत असाल, किंवा तुमचा कंट्रोलर मोजकेच इंटरप्ट घेत असेल आणि टीममध्ये ट्रॅपची असेंब्ली डोळ्यांखालून घालणारं कोणी असेल, तर रिस्क-फाइव्ह घ्यायला मी अडवणार नाही. सी-डॅकच्या थेजस३२ चिपचा एरीज बोर्ड किंवा आयआयटी मद्रासचा शक्ती हे आपल्याकडचे प्रोसेसर याच आर्किटेक्चरचे आहेत, आणि ट्रॅप म्हणजे नेमकं काय हे हाताने शिकायला त्यांच्यासारखं साधन नाही. मात्र पहिल्या दिवशी एमस्क्रॅचची अदलाबदल लिहा. हँडलरचा पत्ता चारने भाग जाणारा आहे ना तेही बघा, कारण एमटीव्हेकचे खालचे दोन बिट मोडसाठी असतात. आणि बोर्ड बाहेर पडायच्या आधी स्टॅक मुद्दाम एकदा फोडून नोंद काय येते ती वाचा.

टास्क बरेच असतील, इंटरप्ट एकमेकांना छेदणारे असतील, कोड वेगवेगळ्या हातांखालून जाणार असेल आणि बोर्ड तुमच्यापासून दूर बसणार असेल, तर मी एम३३ कडे वळेन. आमच्या पंपाच्या नव्या कंट्रोलरवर सध्या तोच आहे.